झाड धरा, पक्षी आपोआप येतात: ठाण्या-नवी मुंबईत वसंतातले जीव बघायला सुरुवात कशी करायची

दरवर्षी मार्चमध्ये आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ येतोच. एक्झोऱ्याच्या लाल गुच्छासमोर काहीतरी हवेत थांबलेलं असतं, पंख दिसतसुद्धा नाहीत इतके जोरात फिरतायत, आणि खाली लिहिलेलं असतं, "आपल्या गार्डनमध्ये हमिंगबर्ड!!!" मग धडाधड अंगठे. पहिल्या वर्षी मीसुद्धा अंगठा दिला होता, खोटं कशाला बोलू. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडात असतात, ठाण्यातल्या पोखरण रोडला यायचं त्यांना काहीच कारण नाही. आपल्याकडे जे दिसतं ते दोनातलं एक असतं. चोच लांब, वाकडी आणि फांदीवर टेकून मध पितोय तर तो शिंजीर, म्हणजे पक्षी. आणि टेकतच नाही, हवेतच भिरभिरत लांब सोंड फुलात घालतोय, अंग हिरवट, पंख काचेसारखे आरपार, तर तो चक्क पतंग. दिवसा उडणारा पतंग. पतंग फक्त रात्री ट्यूबलाइटला येतात हे आपलं शाळेतलं ज्ञान तिथेच गळून पडतं.

तर हा लेख अशाच लोकांसाठी आहे ज्यांना बघायचंय पण कुठून सुरू करायचं कळत नाही, आणि जे कॅमेऱ्यावर लाखभर घालायच्या बेतात आहेत. थांबा. अजून काही घेऊ नका.

आधी आपला वसंत कुठला ते समजून घ्या

पुस्तकातला वसंत चैत्र-वैशाखाचा, पण आपल्याकडे गडबड महाशिवरात्रीपासूनच सुरू होते. फेब्रुवारीत ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात पळस आणि काटेसावर फुलायला लागतात, पिंपळाला ती तांब्याच्या रंगाची कोवळी पानं येतात, आणि होळीच्या आसपास पहाटे कोकीळ डोकं उठवायला लागतो. एप्रिल-मेमध्ये बहावा, ताम्हण, गुलमोहर. मग पहिला पाऊस पडला की सगळा खेळ बदलतो. म्हणजे तुमच्या हातात साधारण साडेतीन महिने आहेत. थंडीतले पाहुणे पक्षी अजून गेलेले नसतात आणि इथल्या पक्ष्यांची घरटी सुरू झालेली असतात, म्हणून नवीन माणसासाठी ह्याच्याएवढा सोपा काळ नाही असं माझं मत आहे. फुलपाखरांचं मात्र तसं नाही, त्यांचा खरा भर पावसाळ्यानंतर असतो, आत्ता कमी दिसतील. निराश होऊ नका.

पहिली पायरी: एक खिडकी, वीस मिनिटं

सकाळी साडेसहा ते साडेसात ह्यातली वीस मिनिटं, चहा घेऊन, एकाच खिडकीत. रोज जमलं तर उत्तम, नाहीतर आठवड्यातून चार दिवस, पण खिडकी बदलायची नाही. नवीन लोकांची चूक हीच होते की पहिल्याच रविवारी सात ठिकाणं करतात आणि घार सोडून काही बघत नाहीत. जीव शोधत फिरायचं नसतं, तुम्ही एका जागी बसलात की दहा मिनिटांत ते तुम्हाला विसरतात आणि आपापली कामं करायला लागतात, आणि बघण्यासारखं असतं ते त्यांचं कामच.

पहिले पंधरा दिवस नाव ओळखायचा प्रयत्नही करू नका. फक्त लिहा. किती मोठा (चिमणी, साळुंकी, कावळा, घार ही चार मापं पुरतात), कुठे बसला, काय करत होता. मुलांची अर्धी संपलेली वही घ्या.

दुसरी पायरी: कान

बिल्डिंगांच्या गर्दीत पक्षी दिसायच्या आधी ऐकू येतो, म्हणून कानाला आधी कामाला लावा. चार आवाज शिका, बास.

तांबट. टुक टुक टुक टुक, एका लयीत, थांबतच नाही, कोणीतरी लांब तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारतंय तसा. नावच त्यावरून पडलं. आवाज कधी डावीकडून येतो कधी उजवीकडून, कारण तो ओरडताना मान फिरवतो, त्यामुळे आवाजामागे गेलात तर वेडे व्हाल. त्यापेक्षा सगळ्यात उंच, पानं नसलेली फांदी बघा, सकाळच्या उन्हात तो तिथेच शेकत बसलेला असतो. चिमणीपेक्षा जरा मोठा, गुबगुबीत, पोपटी, कपाळावर लाल टिळा, डोळ्याभोवती पिवळं. आवाज काढताना चोच बंदच असते, नुसता गळा फुगतो, दुर्बिणीतून ते बघायला जी मजा येते ती सांगून कळणार नाही.

कोकीळ सगळ्यांना माहीत आहे असं आपण समजतो, पण कुहू करणारा नर असतो, काळाकुळकुळीत, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, ती कुहू करत नाही, किक्-किक्-किक् असं कर्कश ओरडत पळते. बऱ्याच जणांनी दोघांना बघितलेलं असतं, पण एकाच जातीचे आहेत हे माहीत नसतं.

दयाळ, काळा-पांढरा, उजाडायच्या आधी अँटेनावर बसून शीळ घालतो, आणि दरवेळी शिळेत काहीतरी बदल करतो. थंडीत हा बहुतेक गप्प असतो, मार्चपासून गळा मोकळा होतो. आणि शिंपी, अंगठ्याएवढा पक्षी आणि आवाज स्कूटरच्या हॉर्नसारखा, टुविट-टुविट-टुविट. पानं शिवून घरटं करतो तो हाच.

मर्लिन नावाचं फुकट ॲप आहे, आवाज ऐकून पक्षी सांगतं. वापरा, पण रिक्षांच्या आवाजात ते काहीही सांगतं, माझ्या फोनवर एकदा कुकरच्या शिट्टीत त्याला पक्षी सापडला होता. ॲपने नाव सांगितलं आणि पक्षी डोळ्यांनी दिसला नाही तर वहीत लिहायचं नाही, हा आमच्या घरचा नियम.

तिसरी पायरी: कुंडीत वाकून बघा

पक्षी कठीण वाटत असतील तर कढीपत्त्यापासून सुरुवात करा. गॅलरीत कढीपत्ता किंवा लिंबाचं रोप असेल तर पानावर कधीतरी पक्ष्याची शीट पडल्यासारखं दिसेल, काळं-पांढरं, ओलसर. पुसायला जाऊ नका, ती अळी आहे. लिंबावरच्या फुलपाखरांच्या अळ्या लहानपणी मुद्दाम शिटेसारख्या दिसतात म्हणजे कोणी खात नाही, मोठ्या झाल्या की पानासारख्या हिरव्या होतात. काडीने हलकेच डोक्यामागे स्पर्श केला तर दोन मऊ शिंगं बाहेर येतात, केशरी नाहीतर लालसर, आणि एक विचित्र उग्र वास सुटतो. एकदाच करा, सारखा त्रास देऊ नका. ती काही दिवसांत कोष करेल आणि साधारण आठ-दहा दिवसांनी सकाळी सकाळी फुलपाखरू. फोडणीला थोडा कढीपत्ता कमी पडेल, पण चालतं की.

सोसायटीच्या तगरीची गंमत वेगळी. तगरीखालच्या लादीवर काळ्या मिऱ्याएवढे गोळे पडलेले दिसले तर थांबा आणि सरळ वर बघा. ती विष्ठा आहे, आणि तिच्या बरोब्बर वर कुठेतरी बोटाएवढी जाड हिरवी अळी असते, पुढच्या भागावर दोन निळे डोळे काढल्यासारखे. खरे डोळे नव्हेत ते, घाबरवायचे. मला ती शोधायला पहिल्यांदा चाळीस मिनिटं लागली, म्हणजे मी तिच्याकडेच बघत होते आणि ती पानाच्या शिरेसारखी दिसत होती, मग तिने खायला सुरुवात केली आणि पानाची कड हळूहळू गायब व्हायला लागली तेव्हा कळलं. मोठी झाली की ती तपकिरी होऊन खाली उतरते, पाचोळ्यात कोष करते. ह्यातून निघतो तो हिरव्या-गुलाबी लष्करी कपड्यासारख्या नक्षीचा मोठा पतंग. म्हणून झाडाखालचा पाचोळा रोज झाडून नेऊ नका म्हणून माळीकाकांना सांगा. ऐकतील असं नाही.

आणि शनिवारी मारुतीला रुईची माळ नेत असाल तर पानं उलटी करून बघा, काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी कधी कधी माळेतच येते. रुईच्या दुसऱ्या झाडावर सोडा, ती दुसरं काही खाणार नाही.

चौथी पायरी: जिन्यातले पतंग

पतंग बघायला जंगलात जायची गरज नाही, जिन्यात ट्यूबलाइट असते ती पुरते. सकाळी झाडूवाल्या मावशी यायच्या आत, साडेसहाच्या सुमारास, वरच्या मजल्यापासून पायऱ्या उतरत भिंती बघत या. रात्री उजेडाला आलेले पतंग उजाडलं की तिथेच चिकटून झोपतात. ज्यांना पाल चुकली ते. गच्चीच्या दाराजवळचा मजला सगळ्यात चांगला.

फुलपाखरू आणि पतंग वेगळे कसे ओळखायचे? मिशा बघा. फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला काडेपेटीतल्या काडीसारखं बोंड असतं, पतंगाची मिशी दोऱ्यासारखी नाहीतर पिसासारखी. पतंग बहुतेक वेळा पंख पसरून भिंतीला सपाट किंवा कौलासारखे उतरते ठेवून बसतो. आणि मराठीत "पाकोळी" म्हटलं तर जरा सांभाळून, कारण काही जण पतंगाला पाकोळी म्हणतात, पक्षीवाले आकाशात सुसाट उडणाऱ्या एका पक्ष्याला पाकोळी म्हणतात, आणि २०१५ मध्ये महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू झालं त्याचं नाव राणी पाकोळी. तिन्ही जीव वेगवेगळे.

हॉलच्या कोपऱ्यात भिंतीवर राखाडी, भोपळ्याच्या बीसारखं चपटं काहीतरी चिकटलेलं असतं आणि दुसऱ्या दिवशी ते दुसरीकडे असतं, हे प्रत्येक घरात झालंय. तेही पतंगाचं पिल्लूच. धूळ, वाळू आणि धागे विणून केलेल्या पिशवीत राहणारी अळी, कोळ्याची जुनी जाळी आणि केस खाते. दोन्ही टोकांना तोंडं असतात पिशवीला, ती कुठूनही डोकं काढते. भिंगातून एकदा बघा आणि मग खुशाल झाडून टाका, मी काही म्हणणार नाही.

रात्री जेवण झाल्यावर खाली उतरलात तर रस्त्यावरच्या दिव्याजवळच्या तारेवर बघा. पिंगळा बसलेला असतो, हे छोटं घुबड, बऱ्याचदा जोडीने, आणि दिव्याला येणारे हेच पतंग उचलत असतो. अंधारात कोणीतरी भांडतंय असं चिरचिर ऐकू आलं तर तो पिंगळाच. शेजारच्या काकू आधी "अगं अपशकुनी असतं ते" म्हणून खिडकी लावायच्या, आता स्वतःच सांगायला येतात की आज तिघं आहेत.

पाचवी पायरी: झाड धरा

आता घराबाहेर. जवळचं एक फुललेलं झाड शोधा आणि तिथे अर्धा तास उभे राहा. पांगारा, काटेसावर, पळस ह्यांच्या लाल-केशरी फुलांमध्ये मध असतो आणि पानं गळलेली असतात, त्यामुळे जो येईल तो उघड्यावर दिसतो. एका सावरीवर मी एका सकाळी बुलबुल, साळुंक्या, शिंजीर, पोपट, कावळे आणि भोरड्यांचा थवा बघितला, सगळे एकमेकांवर खेकसत. भोरड्या म्हणजे गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या मैना, मध्य आशियाकडून थंडीत येतात आणि एप्रिलपर्यंत परततात, तेव्हा उशीर करू नका. फुलं संपली की उंबर आणि वड धरा, फळं पिकली की तांबट, हळद्या, कोकीळ तिथे हजर. झाडाखाली फळांचा सडा पडलाय म्हणजे वर जेवणावळ चालू आहे.

त्याच झाडाच्या बुंध्यावर सरडा बघा. एप्रिलपासून नराचं डोकं आणि गळा लालभडक होतो, पुश-अप काढल्यासारखा वरखाली होतो. रक्त पितो म्हणून पोरं दगड मारतात त्याला. रक्तबिक्त काही पीत नाही, मादीवर इम्प्रेशन मारतोय आणि दुसऱ्या नराला दम देतोय, एवढंच.

सहावी पायरी: फ्लेमिंगो, पण पंचांग बघून

ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा २०१५ चा, आणि २०२२ मध्ये ती रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेली. पक्षी साधारण नोव्हेंबर-डिसेंबरला येतात आणि पावसाच्या तोंडावर जातात, मार्च-एप्रिल-मे हे उत्तम महिने. तरीही निम्मे लोक जाऊन "काहीच नव्हतं" म्हणून परत येतात. माझी नेरूळची बहीण खाडीपासून दहा मिनिटांवर राहते, तिलाही दोन वर्षं दिसले नव्हते. कारण एकच, भरती-ओहोटी बघितली नाही.

ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि फ्लेमिंगो खाडीभर पसरून चरतात, लांबून नुसती गुलाबी रेघ. भरतीला चिखल बुडतो, मग ते नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर, टी. एस. चाणक्य ह्या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या मागच्या बाजूला, डीपीएस शाळेजवळच्या तळ्यावर येऊन उभे राहतात, आणि तेव्हा अगदी जवळून दिसतात. म्हणजे तिथे जायचं तर भरतीच्या आगेमागे.

भरती कधी? इंटरनेटवर तक्ते आहेतच, पण कोकणातला जुना हिशोब अजून चालतो: तिथीची पाऊणपट. पौर्णिमा-अमावस्येला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा, अष्टमीला सहा, रंगपंचमीला पाचाची पाऊणपट, पावणेचार. दुपारचे तेच, पहाटेचेही तेच. खाडीत आत पाणी पोचायला थोडा जास्त वेळ लागतो तो धरून चाला. पावणेचार-चारची भरती असलेला दिवस मला सगळ्यात आवडतो, उन्हाचा रंग पिवळा होत जातो आणि पक्षी समोर.

गेल्यावर चोची बघा. फ्लेमिंगोला मराठीत रोहित म्हणतात. गडद लाल-काळपट चोच आणि बुटका, तो छोटा रोहित. गुलाबी चोच आणि फक्त टोक काळं, उंच, तो मोठा रोहित. चोच उलटी पाण्यात घालून शेवाळ गाळतात, अंगाचा गुलाबी रंग त्या खाण्यातूनच येतो. बोटीतून बघायचं तर ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, वनखात्याच्या कांदळवन कक्षाचं, बोट भरतीच्या हिशोबानेच सुटते, बुकिंग आधी करा. ड्रोन उडवू नका, टाळ्या वाजवून थवा उडवणाऱ्यांच्या शेजारी उभंही राहू नका.

येऊर आणि बाकी

येऊर शेवटी ठेवलं ते मुद्दाम. ठाणे स्टेशनहून टीएमटीची बस जाते, पण ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचंच अंग आहे आणि बिबटे खरंच आहेत, त्यामुळे गेटवर जे सांगतील ते ऐकायचं, उजेडात जायचं, उजेडात परतायचं, ब्लूटूथ स्पीकर घरी. पहिल्यांदा कोणीतरी जाणकार सोबत असेल असं बघा. फुलपाखरांसाठी घोडबंदर रोडला ओवळ्याची ओवळेकर वाडी आहे, रविवारी सकाळी जातात लोक, निघायच्या आधी चौकशी करा.

दुर्बीण आता घ्यायची, दोन महिने वही भरली असेल तर. आठ बाय बेचाळीस, म्हणजे आठपट मोठं दिसतं आणि पुढची काच बेचाळीस मिलिमीटरची. वीसपट, तीसपटच्या नादी लागू नका, हात थरथरतो आणि काहीच दिसत नाही.

घरटी, पिल्लं, पाणी

पाणी ठेवा, दाणे नको. दाणे ठेवले की फक्त कबुतरं येतात आणि मग सोसायटीत भांडणं. मातीचं उथळ भांडं, दोन बोटं पाणी, रोज ओतून घासून परत भरायचं, नाहीतर डासांची शेती होईल.

गॅलरीत कपड्याच्या तारेला किंवा वायरला कचऱ्याचा लोंबता पुंजका दिसला, कोळिष्टकं, वाळकी पानं, कागदाचे कपटे, तर झाडू मारायच्या आधी बाजूला भोक आहे का बघा. शिंजिराचं घरटं असंच दिसतं, मुद्दाम कचऱ्यासारखं. अंडी घातल्यापासून साधारण महिनाभरात सगळा कारभार आटपतो. तेवढे दिवस कपडे दुसरीकडे वाळत घाला, फोटोसाठी मोबाइल भोकात घालू नका.

पिल्लू खाली पडलेलं दिसलं आणि पिसं आलेली असतील तर उचलून जवळच्या फांदीवर ठेवा आणि लांब व्हा, आईबाप खाली येऊन भरवतात. माणसाचा हात लागला की सोडून देतात हे खरं नाही. घरी आणून दूध-पोळी भरवणं मात्र नक्की मारतं. जखमी पक्षी, साप, कोल्हा असं काही असेल तर वनखात्याची हेल्पलाइन १९२६. आणि हो, नवी मुंबईत कांदळवनाकडेच्या रस्त्यावर संध्याकाळी कुत्र्यासारखं पण झुपकेदार शेपटीचं काही दिसलं तर तो खरंच कोल्हा असू शकतो.

मान्सूनपूर्व छाटणीचं एवढं लक्षात ठेवा. एप्रिल-मेमध्ये सगळीकडे फांद्या तोडतात आणि नेमकी घरटी तेव्हाच असतात. एका वर्षी आमच्या मागच्या शेवग्याची वाळकी फांदी तोडली, मी वरून ओरडेपर्यंत खाली पडलीसुद्धा, तिच्या खालच्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढं गोल भोक होतं. तांबटाची ढोली. आत दोन पिल्लं, पिसं न फुटलेली, ती जगली नाहीत. आईबाप दोन दिवस त्या तुटलेल्या खुंटावर येऊन बसत होते. चूक कोणाची म्हणणार, कोणाला माहीतच नव्हतं, मलाही नव्हतं, मी रोज टुक टुक ऐकत होते आणि वाळक्या फांदीकडे एकदाही बघितलं नव्हतं.

तेव्हापासून मी जानेवारीतच सेक्रेटरींना पत्र देते की छाटणी फेब्रुवारीच्या आत उरका, आणि झाडांच्या १९७५ च्या कायद्याप्रमाणे पालिकेची परवानगी लागते तीही काढा. वाळकी फांदी कोणाच्या डोक्यावर पडणार नसेल तर तशीच ठेवा. तांबटाला मऊ, मेलेलं लाकूडच लागतं. यंदा त्याच शेवग्याच्या दुसऱ्या फांदीला खालून भोक पडलंय, गेल्या मंगळवारी सकाळी सातला त्यातून भुशाची चिमूट बाहेर उडाली, मग अजून एक, मग एक हिरवं डोकं बाहेर आलं, इकडेतिकडे बघितलं आणि परत आत गेलं. वहीत तेवढंच लिहिलंय.